राजा, दिनकर, केळकर

पुण्यात बाजीराव रस्त्यावरून नातूबागेकडे वळलं की ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’ अशी पाटी दिसते. बाहेरगावचे पुष्कळ लोक ‘राजा केळकरांचं म्युझियम’ म्हणतात आणि संस्थापकाचं नाव राजा होतं असं धरून चालतात. मराठी माणसाने तरी ही चूक करू नये. आपल्याकडे आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. म्हणजे पाटीवरचा राजा हा मुलगा. तो सातव्या वर्षीच गेला. संग्रह जमवणारे दिनकर गंगाधर केळकर त्या नावात फक्त वडिलांच्या जागी आहेत.

केळकरांचा जन्म 1896चा. घरचा व्यवसाय चष्म्यांचा, पण ओढा कवितेकडे. ‘अज्ञातवासी’ या टोपणनावाने ते लिहीत. 1920च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात झाली आणि 1960पर्यंत त्या पंधरा हजारांच्या घरात गेल्या. मुलाच्या आठवणीसाठी बापाने हे सगळं उभं केलं, अशी गोष्ट सांगायला सोपी आहे. मला ती अर्धीच वाटते. नुसत्या दुःखावर कोणी चाळीस वर्षं अडकित्ते जमवत फिरत नाही. त्याला छंदच लागतो, आणि छंद लागलेल्या माणसाला सोसणारी बायकोही लागते.

कमलाबाईंनी नुसतं सोसलं नाही, तर त्या या उद्योगात बरोबरीने होत्या. प्रसंगी त्यांचे दागिनेही वस्तूंसाठी गेले, असं सांगतात. एखाद्या बाईने गळ्यातलं काढून द्यावं आणि घरात यावं काय, तर कुठल्या तरी वाड्यातली उतरवलेली चौकट! त्या काळच्या पेठेत शेजारणी काय म्हणत असतील, याची कल्पना करून पाहा. मला तर या संग्रहाची निवडही जोडप्याची वाटते. तलवारी आणि ढाली बाकीची संग्रहालयंही मांडतात. इथे मात्र फणी-करंडे, कुंकवाचे करंडे, समया, लामणदिवे, पानाचे डबे, दौती, खेळणी अशी रांग लागते. ज्याचं लक्ष बैठकीच्या खोलीतच अडकलं असतं, त्याला एवढं माजघर दिसलं नसतं.

पर्यटक मस्तानी महालापाशी गर्दी करतात. कोथरूडच्या महालाचे अवशेष आणून तो इथे पुन्हा उभा केलेला आहे. बघण्यासारखा आहेच, पण त्याच्याबद्दल सगळेच लिहितात. मी दर वेळी रेंगाळतो तो वज्र्यांपाशी.

वज्री म्हणजे अंघोळीच्या वेळी टाचा घासायचं साधन. तळ खरखरीत हवा आणि वर हाताला पकड हवी, एवढीच तिची गरज. पण घडवणाऱ्याने त्या पकडीच्या जागी हत्ती, घोडे, पोपट बसवले. काही पितळी वज्र्या आतून पोकळ असतात आणि पोटात बारीक खडे असतात. टाच घासताना त्या खुळखुळतात. न्हाणीघराच्या अंधारात, कोणी बघत नसताना, पायाच्या भेगांसाठी एवढा थाट! मी पहिल्यांदा इथे आलो तो आजीबरोबर. तिने काचेला नाक लावून पाहिलं आणि मोठ्याने म्हणाली, “अरे, ही तर आपल्याकडे होती! तुझे आजोबा तिला ‘घासणी’ म्हणायचे.” पहारेकरी हसला. त्याने हे वाक्य हजारदा ऐकलं असावं.

अडकित्त्यांचंही तसंच. सुपारी कातरायला दोन पाती आणि एक खीळ पुरते. इथे कुठे पोपटाची चोच सुपारी धरते, कुठे घोडा दिसतो, तर कुठे स्त्री-पुरुषाची जोडी. ती जोडी पाहून शाळेच्या सहलीतली मुलं एकमेकांना ढोसतात आणि बाई घाईघाईने त्यांना पुढच्या दालनात नेतात. वापरून गुळगुळीत झालेल्या मुठी मला नक्षीपेक्षा जास्त आवडतात. जेवणानंतर तिथे अंगठा टेकवून कोणीतरी वर्षानुवर्षं बसलेलं असणार.

संग्रहालय म्हणून 1962 साली संस्था उभी राहिली आणि 1975 साली केळकरांनी सगळा संग्रह राज्य सरकारच्या पुरातत्त्व विभागाच्या स्वाधीन केला. विकला असता तर पुढच्या पिढ्या सुखात राहिल्या असत्या. 1990 साली, वयाची नव्वदी ओलांडून, ते गेले. पुढे संग्रहालयाचा कारभार त्यांच्या नातवाने पाहिला. आजोबांची घड्याळं किंवा तिकिटांचे आल्बम सांभाळणारे नातू आपण पाहतो. या नातवाच्या वाट्याला वीस हजारांवर वस्तू आल्या, आणि त्याही स्वतःच्या नव्हे, जनतेच्या.

त्यांतल्या अडीच हजारांच्या आसपासच मांडलेल्या आहेत. बाकीच्यांना जागा नाही. जिने अरुंद, दालनं छोटी, रविवारी धक्के खात पुढे सरकावं लागतं. तक्रार रास्त आहे. तरी मला भीती वाटते, की उद्या मोठी वातानुकूलित इमारत मिळाली, तर वस्तूंना प्रकाश मिळेल आणि घरपण जाईल. आज इथे फिरताना कुणाच्या तरी माळ्यावर चढल्यासारखं वाटतं.

त्या दिवशी घरी परतताना आजी रिक्षात गप्प होती. शेवटी म्हणाली, “आपला अडकित्ता याहून छान होता रे. मोराचा होता.” मी विचारलं, कुठे गेला? तर आजोबा गेल्यावर सुपारी खाणारं कोणी उरलं नाही, म्हणून तिनेच तो इतर पितळेबरोबर भांड्यांच्या दुकानात मोडीत घातला होता. वजनावर. बदल्यात स्टीलचा डबा मिळाला. तो अजून आमच्या स्वयंपाकघरात आहे, त्यात तूरडाळ असते.