बोटीचं इंजिन थंडीत का तडकतं?

फ्रीझरमध्ये विसरलेली पाण्याची काचेची बाटली तडकलेली पाहिलीय ना? अमेरिकेत मिनेसोटाच्या तळ्यांवर पाण्यावर फळीवरून घसरत वेकबोर्ड खेळणाऱ्यांना ओढणाऱ्या बोटींच्या इंजिनाचंही हेच होऊ शकतं. हे इंजिन बोटीच्या पोटात असतं आणि बऱ्याचदा तळ्याचंच पाणी आत खेचून थंड राहतं. हिवाळ्याआधी ते पाणी काढलं नाही, तर गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि इंजिनाचा बिडाचा जाड ब्लॉकसुद्धा फोडतं. तडा बाहेरून दिसेलच असं नाही. पण पाणी ऑइलमध्ये झिरपलं, की ऑइल दुधाळ चहासारखं होतं. पाणी खेचणाऱ्या पंपाचं झिजलेलं रबरी चक्र बदलणं किरकोळ काम; पण फुटलेला ब्लॉक म्हणजे बहुतेकदा नवं इंजिनच. जुनी बोट घेताना रंगाच्या चकाकीआधी ऑइल तपासायची डिपस्टिक ओढून पाहा. ऑइल दुधाळ दिसलं, तर व्यवहार तिथेच थांबवा.