पोलादाच्या आतला फोटो

मुलांनो, हात मोडला की डॉक्टर आधी एक्स-रे काढायला सांगतात. तो पाहून हाड कोठे मोडले ते कळते. असाच एक्स-रे लोखंडी नळीचा, जहाजाच्या पत्र्याचा आणि बॉयलरचाही काढतात, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते.

आपल्या लातूर आणि नांदेड जिल्ह्यांत साखर कारखाने आहेत. बॉयलर म्हणजे कारखान्याचा प्राण. उसाचे चिपाड जाळून त्यात पाण्याची वाफ करतात. या वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या कितीतरी पट असतो. बॉयलरचे जाड पत्रे आणि नळ्या वेल्डिंगने जोडलेल्या असतात. जोड वरून गुळगुळीत दिसतो. पण आत कोठे हवेचा बुडबुडा अडकतो, कोठे धातू नीट वितळलेला नसतो, तर कोठे केसासारखी बारीक चीर असते. लहानसा गोल बुडबुडा बहुधा चालवून घेता येतो. चीर चालत नाही. दाबाखाली ती वाढत जाते आणि एक दिवस जोड फुटतो. त्या वेळी कामगार जवळच उभा असतो.

म्हणून जोडाच्या आत पाहावे लागते. 1895 साली जर्मनीत राँटगेन या शास्त्रज्ञाने क्ष-किरण शोधले. ते धातूतूनही जातात. जाड भागातून कमी, पातळ भागातून अधिक. एक्स-रे यंत्र नेणे अवघड असेल तेथे इरिडियम-192 या किरणोत्सारी धातूचे गॅमा किरण वापरतात. मुंबईत तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात 1985 साली 'ध्रुव' ही अणुभट्टी सुरू झाली. अशा भट्टीत इरिडियम किरणोत्सारी बनवता येते. नवी मुंबईत वाशी येथील 'ब्रिट' ही सरकारी संस्था अशी उपकरणे पुरवते. त्या उपकरणाला कॅमेरा म्हणतात, पण त्यात भिंग नसते; जड धातूच्या कवचात इरिडियमचा छोटासा तुकडा ठेवलेला असतो. सुमारे 74 दिवसांत त्याची ताकद निम्मी होते. हे किरण शरीराला घातक असतात, म्हणून फोटो काढताना माणसांना दूर ठेवतात आणि हे काम प्रशिक्षित माणसांनीच करायचे असते.

पूर्वी असा फोटो फिल्मवर निघे. ती अंधाऱ्या खोलीत धुवावी लागे. आता पुष्कळ ठिकाणी फिल्मऐवजी डिजिटल पाटी असते. ती किरण मोजते आणि संगणकाला आकडे देते. चित्राचा प्रत्येक बारीक ठिपका, म्हणजे पिक्सेल, हा एक आकडाच असतो. चांगल्या पाटीत हा आकडा 0 पासून 65,535 पर्यंत असू शकतो. जिथे आत पोकळी, तिथे किरण अधिक पोहोचतात आणि आकडा मोठा होतो.

येथेच अडचण येते. आपला साधा पडदा राखाडी रंगाच्या फक्त 256 छटा दाखवतो. समजा, चांगल्या धातूच्या जागी आकडा 21,200 आहे आणि चिरेच्या जागी 21,500. सगळे 65,536 आकडे 256 छटांत कोंबले, तर एका छटेत 256 आकडे येतात. मग 300 चा फरक जेमतेम एका छटेचा उरतो. डोळ्याला तो दिसत नाही. चीर फोटोत असते, पण पाहणारा 'जोड चांगला' असे लिहून मोकळा होतो.

सॉफ्टवेअरचे पहिले काम हेच. त्याला सांगायचे, 'मला फक्त 21,000 ते 22,000 एवढाच भाग दाखव.' आता एका छटेत सुमारे चारच आकडे येतात आणि तोच 300 चा फरक सुमारे 75 छटांचा होतो. चीर स्पष्ट दिसते. ('फरक' हा शब्द तुमच्या उर्दूतही आहे. या सगळ्या विद्येत तोच महत्त्वाचा.) लक्षात घ्या, सॉफ्टवेअरने नवे काहीच आणले नाही. जे मोजलेले होते तेच त्याने दाखवले.

दुसरे काम चित्रातील दाणेदारपणा कमी करण्याचे. एकाच जोडाचे 16 फोटो घेऊन त्यांची सरासरी काढली, तर दाणे चौथाईवर येतात. मात्र त्या वेळात नळी जराही हलता कामा नये. एकाच फोटोत शेजारच्या पिक्सेलची सरासरी काढूनही दाणे कमी होतात. पण त्यात बारीक चीरही पुसली जाऊ शकते! उलट कडा तीक्ष्ण करणारी गाळणी जास्त वापरली, तर नुसत्या दाण्यांच्या रेघा होतात आणि चांगला जोड खराब ठरतो. म्हणून मूळ फोटोला हात न लावता त्याच्या नकलेवरच काम करावे, असा चांगल्या तपासनिसाचा दंडक असतो. फोटो काढताना जोडावर ठरावीक जाडीच्या तारांची पट्टी ठेवतात. ठरलेली बारीक तार फोटोत दिसली नाही, तर तो फोटोच बाद. मग सॉफ्टवेअर कितीही महाग असो.

एक गोष्ट तर कोणत्याही सॉफ्टवेअरला जमत नाही. किरणांच्या दिशेने उभी असलेली चीर दिसते. किरणांना आडवी, कागदासारखी पसरलेली चीर जवळजवळ दिसतच नाही. पाटीने जे मोजलेच नाही ते संगणक कोठून आणणार? त्यासाठी दुसऱ्या कोनातून फोटो घ्यावा लागतो, किंवा ध्वनिलहरींनी तपासणी करावी लागते. आजकाल शिकवलेला संगणक स्वतःच दोषांवर खुणा करतो. तो थकत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण जसे दोष त्याला दाखवले नसतील, तसे दोष तो सोडून देऊ शकतो. त्यामुळे जोडाचा अंतिम निकाल माणूसच देतो आणि कागदावर सही त्याचीच असते.

ही सॉफ्टवेअर बहुधा महाग असतात. 'इमेज-जे' नावाचे एक मात्र फुकट मिळते. अमेरिकेत वेन रॅसबँड यांनी ते 1997 साली तयार केले. ते मुळात वैद्यकीय आणि जीवशास्त्राच्या चित्रांसाठी होते, पण छटा बदलणे, सरासरी काढणे, लांबी मोजणे हे सारे त्यात करून पाहता येते.

फोटो जपून ठेवण्याचाही मोठा उपयोग आहे. गळीत हंगाम संपला की बॉयलर थंड होतो आणि त्याची तपासणी होते. गेल्या वर्षीचा मूळ फोटो असेल आणि त्याच जागेवरून नवा काढला असेल, तर संगणक एकातून दुसरा वजा करतो. जे बदलले नाही ते राखाडी होऊन जाते. चीर वाढली असेल, तर तेवढीच रेघ उरते.