हा आकडा आला कुठून?

कन्सल्टिंगमधल्या मंडळींनी डेटा इंजिनिअरिंग किती शिकावं आणि कशासाठी

मंडळाच्या कार्यक्रमात किंवा एखाद्या लग्नात माझ्या वयाची मंडळी भेटली, की एक प्रश्न हल्ली हमखास येतो. विचारणारे इंजिनिअर नसतात. कुणी बडोद्यातच बी.कॉम. करून पुढे एमबीए केलेलं असतं, कुणी अर्थशास्त्र शिकून सल्लागार कंपनीत लागलेलं असतं. दहा-बारा वर्षं झालेली असतात, पगार बरा असतो, क्लायंट मान देतात. तरी प्रश्न असतो, "आता कोडिंग शिकायलाच हवं का रे?" त्यामागची काळजी खरी आहे. घराचे हप्ते चालू आहेत, मुलं शाळेत आहेत, आणि हाताखाली येणारी नवी मुलं पायथनमध्ये काहीतरी झरझर करून दाखवतात.

माझं उत्तर असं असतं: प्रोग्रामर होऊ नका, त्याची गरज नाही. पण डेटा इंजिनिअरिंगमधलं मोजकं काम स्वतःच्या हाताने करता यायला हवं. मोजकं म्हणजे किती, हे सांगण्यासाठी हा लेख.

किर्द आणि खतावणी

डेटा इंजिनिअरिंग हा शब्द नवा असला तरी त्यातली कल्पना आपल्या घरांना परकी नाही. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी पेढीवर किंवा संस्थानच्या कचेरीत कारकुनी केली, त्यांच्या घरी रोजकीर्द आणि खतावणी हे शब्द ऐकलेले असतात. इकडे गुजरातीत किर्दीला रोजमेळ म्हणतात. दिवसभरात जे घडलं ते घडलं त्या क्रमाने किर्दीत उतरवायचं. मग तेच व्यवहार ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणीत न्यायचे. शेवटी ताळेबंद. आणि मधल्या प्रत्येक टप्प्यावर ताळा करून पाहायचा.

डेटा इंजिनिअर हेच करतो, फक्त नोंदी लाखांनी असतात. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून, दुकानातल्या मशीनमधून, मोबाइल अ‍ॅपमधून येणारा कच्चा माल एका जागी जसाच्या तसा साठवायचा, ही झाली किर्द. तो स्वच्छ करून, जोडून, विषयवार मांडायचा, ही खतावणी. त्यावरून रोज सकाळी अहवाल आपोआप तयार व्हावा अशी नळजोडणी करायची, तिला पाइपलाइन म्हणतात. कन्सल्टंटच्या स्लाइडवर दिसतो तो ताळेबंद. अडचण ही, की त्याला किर्द कधी पाहायलाच मिळत नाही.

बेळगावचा डीलर

माझी एक मावसबहीण पुण्यात कन्सल्टिंगमध्ये आहे. वयाने मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणतो. कॉमर्सची पदवी, एमबीए, बारा वर्षांचा अनुभव. घरगुती वस्तू बनवणाऱ्या एका कंपनीसाठी तिच्याकडे काम आलं. गुजरात, महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटकातल्या डीलरांपैकी कुणाला ठेवायचं आणि कुणाला कमी करायचं, हे ठरवायचं होतं. कंपनीच्या अ‍ॅनालिस्टांनी यादी करून दिली. तळाच्या दहांत बेळगावचा एक जुना डीलर होता.

ताईला ते पटेना. तिने त्याचं गोदाम पाहिलं होतं. तिथे माणसं कामात होती, माल हलत होता. पण "मला पटत नाही" हे काही मीटिंगमध्ये सांगायचं कारण नव्हे. अ‍ॅनालिस्टांना एकेक प्रश्न विचारायचा, तर उत्तर यायला तीन-चार दिवस लागत. तोवर तिचं एसक्यूएल शिकणं सुरू होऊन काही महिने झाले होते. तिने कंपनीकडून मूळ व्यवहार वाचण्यापुरती परवानगी मागून घेतली आणि स्वतः शोधायला बसली.

वर्षाच्या मध्यावर कंपनीने बिलिंगचं सॉफ्टवेअर बदललं होतं. जुन्यात गावाचं नाव बेळगाव होतं, नव्यात बेळगावी. २०१४ मध्ये अधिकृत नाव बदललं, पण जुन्या फायलींना ते कोण सांगणार? नव्या सॉफ्टवेअरने त्याच डीलरला नवा कोड दिला, आणि अहवालात त्याची अर्धी विक्री जुन्या, बंद धरलेल्या कोडवर राहून गेली. ताईने नाव आणि गाव बाजूला ठेवून जीएसटी क्रमांकावर व्यवहार जोडले. दोन्ही कोड एकाच माणसाचे निघाले, आणि तो तळातून उठून यादीच्या वरच्या अर्ध्यात गेला. त्याच्या गोदामावर आठ जणांचे संसार चालत होते. एका गावाच्या दोन नावांपायी ते बंद झालं असतं.

आपण बडोदा, वडोदरा आणि बरोडा या तिन्ही नावांत वावरणारी माणसं. डेटा साफ करणं म्हणजे काय, ते आपल्याला निराळं समजावून सांगायला नको.

जीएसटी क्रमांकाची रचना इथे कामी येते. तो पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे: गुजरात २४, महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, गोवा ३०. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. त्यामुळे एकाच मालकाने बेळगाव आणि मडगाव अशी दोन राज्यांत नोंदणी केली असेल, तर सुरुवातीचे दोन आकडे वेगळे आणि पॅन तोच दिसतो. हे इंजिनिअरला सहसा माहीत नसतं. कॉमर्स शिकलेल्याला माहीत असतं. ताईचं जुनं ज्ञान आणि नवं कौशल्य इथे एकमेकांना भेटलं.

एक्सेल कुठे कमी पडतं

एक्सेल वाईट नाही. मीही रोज वापरतो. पण त्याच्या मर्यादा माहीत हव्यात. एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. जुन्या एक्सएलएस फायलीत फक्त ६५,५३६ मावत. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये कोरोनाच्या तपासण्यांचे निकाल अशा जुन्या प्रकारच्या फायलींत ओतले जात होते. एका रुग्णासाठी कित्येक ओळी लागत, त्यामुळे फाइल लवकर भरली आणि पुढच्या नोंदी गळाल्या. १५,८४१ बाधितांची नोंद रोजच्या आकड्यांत वेळेवर आली नाही, आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध लांबला.

दुसरा त्रास न सांगता बदल करण्याचा. बँक खात्याच्या क्रमांकातली सुरुवातीची शून्यं एक्सेल उडवून टाकतं. पंधरापेक्षा जास्त आकड्यांची संख्या असेल, तर पुढचे आकडे शून्य होतात. मार्च १ आणि सेप्ट १ अशा नावांच्या जनुकांना ते तारीख समजत असे. अखेर २०२० मध्ये मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने ती नावंच बदलली.

सगळ्यात मोठी उणीव वेगळीच. शीटमध्ये हाताने केलेले बदल मागे खूण ठेवत नाहीत. तीन महिन्यांनी क्लायंटने विचारलं, "हा आकडा आला कुठून?", तर उत्तर देता येत नाही. लिहून ठेवलेली क्वेरी मात्र उद्या पुन्हा चालवता येते, दुसऱ्याला वाचता येते आणि तपासता येते.

ज्यांच्यासाठी बनली, ते घाबरतात

१९७० मध्ये आयबीएमच्या एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांच्या रूपात मांडण्याची रिलेशनल कल्पना प्रसिद्ध केली. त्यावर आधारून १९७४ मध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी जी भाषा मांडली, तिची पुढे एसक्यूएल झाली. गंमत अशी, की त्यांच्या डोळ्यांसमोर प्रोग्रामरांबरोबरच हिशेबनीस, वास्तुविशारद आणि नगररचनाकार असे लोकही होते. म्हणजे संगणकतज्ज्ञ नसलेल्यांनीही ती वापरावी, असा मूळ विचार. पन्नास वर्षांनी नेमकी हीच मंडळी तिला बिचकतात.

खरं तर सिलेक्ट, फ्रॉम, व्हेअर, ग्रुप बाय आणि जॉइन एवढ्या पाच शब्दांत कन्सल्टंटचं बरंचसं काम होतं. त्यातल्या जॉइनकडे नीट लक्ष द्यावं लागतं. समजा, १०,००० रुपयांचं एक बिल आहे आणि ग्राहकाने ते ६,००० आणि ४,००० अशा दोन हप्त्यांत फेडलं. बिलांचा तक्ता हप्त्यांच्या तक्त्याला जोडला, की तेच बिल दोन ओळींत येतं, आणि बेरीज केली की विक्री २०,००० दिसते. संगणक चूक दाखवत नाही, कारण त्याच्या लेखी चूक झालेलीच नाही. म्हणून प्रत्येक तक्त्याला आधी विचारायचं: इथे एक ओळ म्हणजे काय? एक बिल, एक हप्ता, की एक ग्राहक? आणि जोडणी झाल्यावर मूळ बेरजेशी ताळा करायचा.

काय शिकायचं, कुठल्या क्रमाने

ताईने रोज सकाळी एक तास, आठवड्यातले पाच दिवस, असे सात महिने काढले. तिने धरलेला क्रम मला योग्य वाटतो.

पहिला महिना एक्सेलमधल्याच पॉवर क्वेरीला द्या. २०१६ च्या आवृत्तीपासून ती आतच असते. फाइल साफ करण्याच्या पायऱ्या ती नोंदवून ठेवते, आणि पुढच्या महिन्याची फाइल आली की त्याच पायऱ्या एका क्लिकवर पुन्हा चालवते. पाइपलाइन म्हणजे काय, ते इथेच कळतं.

पुढचे तीन महिने एसक्यूएल. एसक्यूलाइट, पोस्टग्रेस किंवा डकडीबी, तिन्ही मोफत आहेत आणि घरच्या लॅपटॉपवर चालतात. सरावाला सरकारच्या खुल्या डेटा पोर्टलवरच्या फायली घ्या. कुठल्यातरी परदेशी दुकानाच्या काल्पनिक विक्रीपेक्षा आपल्या जिल्ह्याची जनगणना चाळताना जास्त मन लागतं, आणि आकडा चुकला तर लगेच जाणवतं.

त्यानंतर दोन महिने पायथन, पण पांडाज या लायब्ररीपुरतं. फायली वाचणं, जोडणं, तपासणं, एवढंच. शेवटचा महिना गिट आणि एखादं क्लाउड वेअरहाउस ओळखीचं करून घेण्यासाठी. गिटमुळे कुणी, कधी, काय बदललं याची नोंद राहते. बिगक्वेरीसारख्या सेवेत जितका डेटा चाळला जातो त्यावर पैसे आकारले जातात, हे माहीत असलं की "सगळंच काढून द्या" अशी मागणी करताना माणूस थोडा विचार करतो.

स्पार्क, काफ्का, एअरफ्लो यांची नावं आणि उपयोग माहीत असू द्या, मीटिंगमध्ये बोलणं समजेल. पण त्यांच्या महागड्या कोर्सांच्या मागे लागू नका. ते पूर्णवेळ इंजिनिअरचं काम आहे. स्वयम् आणि एनपीटीईएलवर डेटाबेसचे चांगले अभ्यासक्रम विनामूल्य शिकता येतात.

एआय आहे की!

हा प्रश्नही येतोच. एआय आज चांगली एसक्यूएल लिहून देतं, मीही त्याची मदत घेतो. पण एक ओळ म्हणजे एक बिल की एक हप्ता, हे त्याला तुम्हीच सांगायचं असतं. बेळगाव आणि बेळगावी एकच आहेत हे ते कदाचित ओळखेल. कंपनीने वर्षाच्या मध्यात डीलरांचे कोड बदलले, हे त्याला कुणी सांगितल्याशिवाय कसं कळणार? लिहून मिळालेली क्वेरी वाचता येत नसेल, तर तुम्ही पुन्हा तिथेच, दुसऱ्याने दिलेल्या आकड्यावर सही करणारे.

एक खबरदारी मात्र घ्या. क्लायंटचा डेटा स्वतःच्या लॅपटॉपवर किंवा परवानगी नसलेल्या एआय साधनात कधीही टाकू नका. करार मोडतो, आणि त्यात लोकांची वैयक्तिक माहिती असेल तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही आहे. शिकायला खुला डेटा वापरा, कामाला कंपनीचीच यंत्रणा.

एवढं शिकून ताईचं पद बदललं नाही आणि ती इंजिनिअरही झाली नाही. बदल एवढाच, की अ‍ॅनालिस्ट आता तिच्याशी बरोबरीने बोलतात, आणि कामाची किंमत ठरवताना डेटा साफ करायला किती दिवस लागतील याचा तिचा अंदाज सहसा चुकत नाही. माणसांशी बोलणं, धंदा समजणं, गोदामात जाऊन बघणं, हे ती आधीपासून करत होती, आणि शंका आली ती त्यामुळेच. एसक्यूएलने ती शंका पुराव्यानिशी मांडता आली.

तुमच्यापैकी कुणाला सुरुवात करायची असेल, तर येत्या रविवारी घरचाच मागच्या वर्षाचा बँकेचा उतारा घ्या. तो किर्द समजा. किराणा, वीज, शाळेची फी, अशी खतावणी करा. नोंदींची जमा-नावे बेरीज सुरुवातीच्या शिलकेत धरली, की शेवटची शिलक यायला हवी. तो ताळा जमला, की पहिला धडा झाला.