पेंटबॉल मार्करचा बोल्ट : देखभाल आणि बिघाडांचे निदान

बोल्ट हा पेंटबॉल मार्करमधील सरकता दंडगोल भाग होय. रंगाची गोळी नळीत ढकलणे, गोळी येण्याचा मार्ग बंद करणे आणि दाबाखालील वायू गोळीच्या पाठीमागे पोहोचवणे ही त्याची तीन कामे आहेत. नट-बोल्टमधील बोल्टशी त्याचा संबंध नाही. दाराचा अडसर सरकतो तसा हा भाग पुढे सरकून मार्ग बंद करतो. मार्करमध्ये सर्वाधिक हालचाल याच भागाची होत असल्यामुळे पुष्कळसे बिघाड त्याच्या आसपास आढळतात. मात्र अशा वेळी धातूचा बोल्ट स्वतः बहुधा निर्दोष असतो. दोष त्यावरील रबरी कड्यांत, वंगणात किंवा वायूच्या दाबात असतो. त्यामुळे सुटे भाग बदलण्यापूर्वी बोल्टची हालचाल नेमक्या कोणत्या टप्प्यावर अडते, हे ठरवणे आवश्यक ठरते.

पार्श्वभूमी

पेंटबॉल मार्कर हे मुळात खेळाचे साधन नव्हते. तोडावयाच्या झाडांवर आणि कळपातील गुरांवर दुरून खूण करण्यासाठी ते अमेरिकेत वापरले जात. ‘मार्कर’ हे नावही त्यावरूनच आले. नेल्सन पेंट कंपनीसाठी डेझी कंपनीने तयार केलेले ‘नेलस्पॉट ००७’ हे या प्रकारचे प्रसिद्ध साधन होते. २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायर राज्यातील हेनिकर येथे १२ जणांनी याच साधनाने पहिला पेंटबॉल सामना खेळला. त्या मार्करचा बोल्ट प्रत्येक गोळीसाठी हाताने मागेपुढे करावा लागे. पुढे वायूच्या दाबानेच बोल्ट मागे सारणारे अर्धस्वयंचलित मार्कर आले आणि १९९०च्या दशकात इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे मार्कर प्रचारात आले. हालचाल जसजशी वेगवान होत गेली, तसतसे कड्या आणि वंगण यांचे महत्त्व वाढले.

कार्यपद्धती

प्रचलित गोळीचा व्यास ०.६८ इंच, म्हणजे सुमारे १७.३ मिलिमीटर असतो. तिचे वजन साधारण ३ ग्रॅम असून जिलेटिनच्या कवचात पाण्यात विरघळणारा रंग भरलेला असतो.

‘टिपमन ९८ कस्टम’सारख्या ब्लोबॅक प्रकारच्या मार्करमध्ये पुढचा आणि मागचा असे दोन बोल्ट एका सळईने जोडलेले असतात. मागचा बोल्ट हातोड्याचे, म्हणजेच हॅमरचे काम करतो. सज्ज स्थितीत तो स्प्रिंग दाबून मागे राहतो आणि सिअर नावाची खिटी त्याला अडवून धरते. चाप ओढताच खिटी सुटते. स्प्रिंगच्या जोराने दोन्ही बोल्ट पुढे जातात. पुढचा बोल्ट गोळी नळीत ढकलतो आणि मागचा बोल्ट झडपेवर आदळतो. झडप क्षणभर उघडून बाहेर पडलेल्या वायूचा एक भाग गोळीला पुढे फेकतो, तर दुसरा भाग मागच्या बोल्टला परत मागे ढकलतो. तेथे खिटी त्याला पुन्हा पकडते, वरच्या हॉपरमधून नवी गोळी खाली पडते आणि एक चक्र पूर्ण होते.

स्पूल झडपेच्या मार्करमध्ये वेगळा हॅमर नसतो. बोल्टच झडपेचेही काम करतो आणि विद्युत नियंत्रणाने वायू सोडून त्याची हालचाल घडवली जाते. अशा बोल्टवर अनेक कड्या असतात आणि प्रत्येक कडी वायूचा एकेक कप्पा वेगळा राखते. त्यामुळे हा प्रकार सौम्य आणि कमी आवाजाचा असला, तरी वंगणाच्या बाबतीत अधिक हळवा असतो.

कड्या आणि वंगण

बोल्टवरील कडीस ओ-रिंग म्हणतात. सायकलच्या पंपातील वायसर जे काम करतो, तेच काम ती येथे करते : हलत्या दट्ट्याच्या कडेने वायू निसटू न देणे. नायट्राइल रबर आणि पॉलियुरेथेन हे तिच्यासाठी नेहमी वापरले जाणारे पदार्थ आहेत. पॉलियुरेथेन घर्षणास अधिक टिकते, म्हणून टाकीच्या तोंडाशी सहसा त्याची कडी बसवतात. केवळ बाह्य आकार जुळणे पुरेसे नसते. जाडी आणि कठीणपणाही निर्मात्याने सांगितल्याप्रमाणेच असावा लागतो. कडी जाड किंवा कठीण झाली तर बोल्ट जड सरकतो, पातळ झाली तर वायू निसटतो.

ब्लोबॅक मार्करसाठी सामान्यतः पेंटबॉलचे पातळ तेल वापरतात, तर स्पूल प्रकारासाठी रबरास अपाय न करणारे घट्ट ग्रीस. गंज सोडवण्याचे फवारे आणि वाहनांचे खनिज तेल टाळावे, कारण त्यांतील पेट्रोलियम घटकांनी काही प्रकारचे रबर फुगते किंवा मऊ पडते. उच्च दाबाची हवा भरण्याच्या तोंडावर तर कोणतेही तेल किंवा ग्रीस लावू नये. अकस्मात वाढलेल्या दाबाने ते पेट घेऊ शकते.

नियमित देखभाल

काम सुरू करण्यापूर्वी डोळ्यांवर संरक्षक मुखवटा असावा. हॉपर काढावा, वायूची टाकी सोडवावी आणि मार्कर सुरक्षित दिशेला धरून आत उरलेला वायू चाप ओढून मोकळा करावा. टाकी काढली म्हणजे दाब संपला, असे नसते. झडपेमागे अडकलेला वायू एक गोळी फेकण्यास पुरेसा असतो.

त्यानंतर बोल्ट बाहेर काढून जुने वंगण आणि रंग पुसावा. रंग पाण्यात विरघळत असल्याने ओलसर कापड पुरते; इलेक्ट्रॉनिक मार्करमध्ये पाणी विद्युत भागांपर्यंत जाऊ देऊ नये. प्रत्येक कडी बोटांवर किंचित ताणून चीर, चपटेपणा आणि तुटलेली कड यांसाठी तपासावी. ती काढताना टोकदार लोखंडी हत्याराने खाच खरवडू नये, कारण खाचेवर पडलेला ओरखडा नव्या कडीलाही गळती लावतो. वंगणाचा थर पातळ असावा. जास्त लावलेले ग्रीस कवचाचे तुकडे आणि धूळ धरून ठेवते. कोरडे पुसून ठेवताना स्प्रिंग दाबलेल्या स्थितीत ठेवू नये.

बिघाड आणि निदान

बोल्ट मागे न अडकणे : चाप एकदा ओढल्यावर मार्कर आपोआप पुनःपुन्हा आघात करू लागतो, किंवा बोल्ट पुढेच राहतो. खिटी झिजली असावी असा पहिला संशय येतो आणि तो कधीकधी खराही असतो. परंतु मागच्या बोल्टची कडी कोरडी किंवा फाटकी असली तरी नेमके हेच लक्षण दिसते : वायू कडेने निसटतो, बोल्ट खिटीपर्यंत पोहोचत नाही आणि स्प्रिंग त्याला परत झडपेवर आपटते. टाकी रिकामी होत आल्यासही असेच घडते. म्हणून प्रथम टाकीचा दाब, मग तेल, मग कडी आणि शेवटी खिटी हा क्रम स्वस्त आणि सोयीचा ठरतो.

कार्बन डायऑक्साइड वापरणाऱ्या मार्करमध्ये हवामानही लक्षात घ्यावे लागते. टाकीतील द्रवावरील वायूचा दाब २१ अंश सेल्सियसला सुमारे ८५० पीएसआय असतो, तर ० अंशाला सुमारे ५०० पीएसआय. थंडीत किंवा सलग गोळ्या झाडल्याने टाकी गार पडल्यावर दिसणारा बिघाड ऊब मिळताच नाहीसा झाला, तर दोष बोल्टचा नसून दाबाचा होता असे समजावे.

नळीतून गळती : ब्लोबॅक मार्करमध्ये बोल्ट पुढे असताना टाकी जोडल्यास वायू नळीतून वाहतो, अनेकदा हा बिघाड नसून बोल्ट मागे ओढून सज्ज करताच तो थांबतो. सज्ज स्थितीतही गळती चालू राहिली, तर झडपेचे आसन तपासावे. स्पूल प्रकारात गळती बोल्ट मागे असताना होते की पुढे असताना, यावरून कोणता कप्पा आणि पर्यायाने कोणती कडी निकामी आहे हे कळते. तपासणीसाठी नळीसमोर कागद धरावा. नळीत कधीही डोकावू नये.

गोळी आतच फुटणे : अर्धवट खाली आलेल्या गोळीवर बोल्ट मिटला की ती चिरडते. हॉपर मागे पडणे, गोळीला अडवून धरणारा डिटेंट झिजून दोन गोळ्या आत येणे आणि बोल्ट पुरेसा मागे न जाणे ही तीन मुख्य कारणे आहेत. इलेक्ट्रॉनिक मार्करमध्ये गोळी पूर्ण आली का, हे प्रकाशकिरणाने पाहणारे संवेदक असतात. त्यांवर रंग उडाल्यास ते चुकीची सूचना देतात.

पहिली गोळी मंद जाणे : काही मिनिटांच्या विश्रांतीनंतरची पहिलीच गोळी जवळ पडते आणि पुढच्या व्यवस्थित जातात, तेव्हा कड्या भिंतीला चिकटलेल्या असतात. बोल्ट पुसून ताजे ग्रीस लावणे हा पहिला उपाय होय. अशा वेळी वेग वाढवून ठेवणे धोक्याचे असते, कारण त्यानंतरच्या गोळ्या मर्यादेपलीकडे जातात.

दुरुस्तीनंतरची चाचणी

नवी कडी किंवा ताजे वंगण यांमुळे गोळीचा वेग बदलतो. म्हणून बोल्टवरील कोणत्याही कामानंतर क्रोनोग्राफ या वेगमापकावर मार्कर तपासावा. मोकळ्या मैदानावर सामान्यतः सेकंदाला ३०० फूट, म्हणजे सुमारे ९१ मीटर ही कमाल मर्यादा मानतात. बंदिस्त जागेत ती कमी ठेवतात. या वेगाच्या ३ ग्रॅम गोळीत सुमारे १२ ज्यूल ऊर्जा असते. मुखवटा नसलेल्या डोळ्याची दृष्टी कायमची जाण्यास ती पुरेशी आहे.

वेग बदलण्याचा स्क्रू सर्व मार्करमध्ये सारखा वागत नाही. टिपमन ९८ कस्टममध्ये बाजूचा स्क्रू आत फिरवल्यास वायूचा मार्ग अरुंद होऊन वेग घटतो. स्पायडर जातीच्या पारंपरिक मार्करमध्ये मागचा स्क्रू आत फिरवल्यास स्प्रिंग अधिक दाबली जाऊन वेग वाढतो. एका मार्करवरील सवय दुसऱ्यावर वापरल्यास सुधारणा करण्याऐवजी धोका वाढतो. त्यामुळे त्या त्या मार्करची माहितीपुस्तिका पाहणे आणि बदल थोडा थोडा करून प्रत्येक वेळी वेग मोजणे आवश्यक असते. चाचणी संपताच नळीवर आवरण चढवावे.