पदक आणि सेवा : वैमानिक निकोल्सन

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या फायटर कमांडमधील एकाच वैमानिकास व्हिक्टोरिया क्रॉस हा सर्वोच्च शौर्यसन्मान लाभला. तो म्हणजे जेम्स निकोल्सन. १६ ऑगस्ट १९४० रोजी साउदॅम्प्टनजवळ शत्रूच्या माऱ्याने त्याच्या हरिकेन विमानाने पेट घेतला. डोळा व पाय जखमी झालेला निकोल्सन हवाई छत्रीने उडी घेण्याच्या बेतात होता. इतक्यात समोर शत्रूचे विमान आले. तेव्हा ज्वाळांनी वेढलेल्या आसनावर पुन्हा बसून त्याने गोळीबार केला आणि मगच उडी घेतली.

त्याची कीर्ती प्रामुख्याने या काही क्षणांवर उभी आहे. वस्तुतः बरा झाल्यावर तो भारतात आला. १९४३-४४ मध्ये २७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचा प्रमुख म्हणून त्याने ब्रह्मदेशावरील मोहिमांत मॉस्किटो विमान चालविले व डी.एफ.सी. हे पदकही मिळविले. २ मे १९४५ रोजी तो निरीक्षक म्हणून लिबरेटर विमानातून गेला. ते बंगालच्या उपसागरात कोसळले व त्यात त्याचा अंत झाला.

पदक एका कृतीची साक्ष देते. संपूर्ण सेवेचे माप त्यात मावत नाही. म्हणून युद्धेतिहासाच्या अभ्यासकाने गौरवपत्रापाशी थांबू नये.