मालवाहू गाडीतील डॅशकॅमेरा : निवड आणि बसवणी

कृषिविद्या विषय शिकविणाऱ्या माणसाने कॅमेऱ्यावर का लिहावे, असे आपणास वाटेल. पण माल शेतातून निघाला म्हणजे पीक हाती आले असे होत नाही. बाजार समितीच्या ओट्यावर माल उतरेपर्यंत ते पीक रस्त्यावरच असते, आणि रस्त्यावर काय घडले हे सांगणारा साक्षीदार बहुधा कोणी नसतो.

सन २०२१ च्या पावसाळ्यातील घटना आहे. माझ्या काकांचा टेम्पो नारायणगावहून टोमॅटोचे दोनशे क्रेट घेऊन वाशीला निघाला होता. माळशेज घाट उतरून मुरबाडच्या पुढे गेल्यावर रात्री दोनच्या सुमारास एक मोटारसायकल उलट्या बाजूने, दिवा न लावता समोर आली. चालकाने गाडी दाबली, तरी मोटारसायकल बंपरला लागली आणि त्या मुलाचा पाय मोडला. जमलेल्या लोकांनी चालकाला मारले. मोठी गाडी आहे म्हणजे चूक तिचीच, हे तेथे अगोदरच ठरले होते. टेम्पो पोलीस ठाण्याच्या आवारात लागला. रंग धरू लागलेला तोडा होता. पावसाळी दमटपणात, ताडपत्रीखाली तिसऱ्या दिवशी खालच्या क्रेटमधून रस गळू लागला. मालाचे नुकसान एका हंगामात भरून निघाले. पण आमच्याच गावचा तो चालक 'मी माझ्या बाजूने चाललो होतो' एवढेच पुन्हा पुन्हा सांगत राहिला आणि त्याच्याकडे दाखवायला काहीच नव्हते. त्यानंतर त्याने स्टिअरिंग धरले नाही.

त्यानंतर काकांच्या आणि आमच्या दोन्ही गाड्यांना कॅमेरे बसविले. ते बसविताना ज्या चुका झाल्या आणि जे शिकता आले, ते येथे देत आहे.

कॅमेरा निवडताना

दुकानदार प्रथम किती 'के'चा कॅमेरा आहे ते सांगतो. फोर-के चित्र निश्चितच स्पष्ट असते, परंतु त्याला कार्डावर दुपटीहून अधिक जागा लागते आणि कॅमेराही जास्त तापतो. भाजीपाल्याची वाहतूक मुख्यतः रात्री होते. म्हणून आपल्या गाडीसाठी कमी उजेडात चांगले चित्र घेणारा सेन्सर हा पहिला निकष धरावा. या कामासाठी सोनी कंपनीचे स्टारव्हिस जातीचे सेन्सर प्रसिद्ध आहेत. १०८०पी दर्जाचा, सेकंदाला ३० चित्रे घेणारा आणि रात्री चांगला चालणारा कॅमेरा बहुतेक शेतकऱ्यांना पुरेसा आहे. विकत घेण्यापूर्वी त्याच मॉडेलचे रात्रीचे चित्रण पाहण्याचा आग्रह धरावा. समोरच्या गाडीचा क्रमांक आपल्याच दिव्याच्या उजेडात पांढरा फटक दिसतो की वाचता येतो, हे त्यात लगेच कळते.

भिंगाचा कोन १३० ते १४० अंश असावा. १७० अंशांच्या भिंगात रस्त्याच्या दोन्ही कडा येतात, पण मधली वस्तू लहान होते आणि क्रमांक वाचता येत नाही.

पुढची बाब उष्णतेची. ती मी थोडी विस्ताराने सांगतो, कारण आमचा पहिला कॅमेरा याच कारणाने गेला. हवामान वेधशाळेत तापमापक पांढऱ्या झडपांच्या पेटीत, सावलीत ठेवलेला असतो. आपण वर्तमानपत्रात वाचतो ते ४४ अंश हे त्या सावलीतील तापमान होय. उन्हात काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीत, पुढच्या काचेला चिकटलेल्या काळ्या वस्तूचे तापमान याहून कितीतरी अधिक होते. स्वस्त कॅमेऱ्यांत लिथियमची लहान बॅटरी असते. अशा उष्णतेत ती फुगते आणि कॅमेऱ्याचे कवच उचकटते. यासाठी बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर असलेला कॅमेरा घ्यावा. वीज तुटल्यावर शेवटची फाईल नीट बंद करण्यापुरती शक्ती तो साठवून ठेवतो आणि उष्णता पुष्कळ अधिक सोसतो. विदर्भ, मराठवाडा व खानदेशातील शेतकऱ्यांनी तर सुपरकपॅसिटर नसलेला कॅमेरा घेऊच नये. शक्य असल्यास जीपीएस असलेला घ्यावा. त्यामुळे चित्रावर ठिकाण व वेग उमटतो आणि घड्याळही आपोआप बरोबर राहते. मात्र वेग उमटतो तो आपलाही, हे चालकाला आधी सांगून ठेवावे.

चालकाकडे तोंड केलेला दुसरा कॅमेरा बसवावा का, असे बरेच जण विचारतात. माझे मत असे की, बसवायचाच तर चालकाला विश्वासात घेऊन बसवावा आणि आवाजाची नोंद बंद ठेवावी. आपल्यावर पाळत आहे असे वाटले की चांगला चालक टिकत नाही, आणि असा चालक मिळणे किती कठीण झाले आहे हे आपण जाणताच. मागे लावायचा कॅमेरा ताडपत्री बांधलेल्या गाडीला फारसा उपयोगी पडत नाही.

कार्डाविषयी

कॅमेऱ्याइतकेच महत्त्व कार्डाला आहे. कॅमेरा सतत लिहीत असतो आणि कार्ड भरले की सर्वांत जुनी फाईल पुसून नवी लिहितो. १०८०पी चित्रणाला तासाला साधारण साडेसहा ते सात जीबी जागा लागते. म्हणजे ६४ जीबीच्या कार्डात सुमारे नऊ तासांचे चित्रण राहते. बाजारात एक मुक्काम करून परत येईपर्यंत जाण्याच्या वेळचे चित्रण पुसले जाऊ नये, यासाठी १२८ जीबीचे कार्ड घ्यावे. मोबाईलचे साधे कार्ड या कामाला चालत नाही, काही महिन्यांतच निकामी होते. सतत लेखनासाठी बनविलेले 'हाय एन्ड्युरन्स' कार्ड मागून घ्यावे. बनावट कार्डेही बाजारात आहेत. त्यावर १२८ छापलेले असते, आत तेवढी जागा नसते. नवे कार्ड एकदा पूर्ण भरेपर्यंत चालवून जुन्या फाईली उघडतात का ते पाहावे.

आता ट्रकवाल्यांची नेहमीची तक्रार. 'कॅमेरा चालू होता, पण त्या दिवसाचे चित्रणच नाही.' याचे कारण बहुतेक वेळा धक्क्याच्या सेन्सरमध्ये असते. धक्का बसला की कॅमेरा ती फाईल कुलूपबंद करतो, म्हणजे ती पुसली जात नाही. मोटारगाडीसाठी ठरविलेली संवेदनक्षमता आपल्या शिवाररस्त्यावर लागू पडत नाही. प्रत्येक खड्ड्याला एक फाईल कुलूपबंद होते, काही आठवड्यांत कार्डाचा मोठा भाग अशा फाईलींनी भरतो आणि नव्या चित्रणाला जागाच उरत नाही. म्हणून ही संवेदनक्षमता 'लो' वर ठेवावी. फाईलची लांबी एक किंवा तीन मिनिटे ठेवावी. (या कुलूपबंद फाईलींचा एक आडवा उपयोग मला झाला. कोणत्या पट्ट्यात गाडी सर्वांत जास्त आदळते ते त्यावरून कळले आणि तेवढा रस्ता बदलल्यावर टोमॅटोची दबलेली फळे कमी निघू लागली.)

वीजजोडणी

येथे मिस्त्रीवर सर्वस्वी विसंबू नये. पिकअप व लहान टेम्पोत १२ व्होल्टची व्यवस्था असते. मोठ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. कॅमेऱ्याला लागतात ५ व्होल्ट. पुष्कळ ठिकाणी मिस्त्री १२ व्होल्टचाच चार्जर वापरतात आणि दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून वायर काढतात. कॅमेरा चालतो, त्यामुळे मालकाला काही कळत नाही. परंतु एकच बॅटरी रोज थोडी अधिक उतरते. अल्टरनेटर मात्र दोन्ही मिळून चार्ज करतो, त्यामुळे एक बॅटरी कायम उपाशी व दुसरी गरजेपेक्षा जास्त भरलेली राहते आणि दोन्ही वेळेआधी जातात. टेप, पंखा यांसाठीही हीच चूक केली जाते. कॅमेऱ्याबरोबर १२ ते २४ व्होल्टवर चालणारा आणि ५ व्होल्ट देणारा हार्डवायर संच घ्यावा आणि ट्रकमध्ये तो पूर्ण २४ व्होल्टवर जोडावा.

या संचाला तीन वायरी असतात. एक किल्ली फिरविल्यावर वीज येणाऱ्या फ्यूजला, दुसरी कायम वीज असणाऱ्या फ्यूजला आणि तिसरी अर्थ म्हणून केबिनच्या धातूवरील बोल्टला जोडावी. बोल्टखालचा रंग खरवडून घ्यावा. फ्यूज २ ते ३ अँपिअरचा पुरतो. वायर सोलून दुसऱ्या वायरला गुंडाळण्याची पद्धत येथे नको. गाड्यांना लागणाऱ्या आगींत अशा सैल जोडांचा मोठा वाटा असतो, आणि आपल्या मागे कडबा किंवा कापूस भरलेला असू शकतो.

गाडी उभी असतानाही चित्रण करायचे असेल तर हिशोब करावा. कॅमेरा ५ वॅट घेतो असे धरले तर १२ व्होल्टवर दिवसाला सुमारे १० अँपिअर-तास खर्च होतात. कांद्याच्या लिलावासाठी गाडी दोन-तीन दिवस रांगेत राहिली तर पिकअपची बॅटरी निम्म्याच्या आसपास उतरेल. म्हणून संचातील वीज तोडण्याची मर्यादा १२ व्होल्टच्या गाडीत १२.२ च्या जवळ आणि २४ व्होल्टच्या गाडीत २४.४ च्या जवळ ठेवावी. बॅटरी जुनी असल्यास ही सोय बंदच ठेवलेली बरी. रात्री मुख्य स्विच बंद करण्याची सवय असणाऱ्यांनी सकाळी कॅमेऱ्यातील तारीख व वेळ तपासावी. काही कॅमेरे वीज तुटली की जुनीच तारीख दाखवू लागतात.

काचेवरील जागा

मोटारगाडीत आरशामागची जागा योग्य असते. ट्रकचे तसे नाही. ट्रकची काच उंच असते, वायपर खालच्या बाजूस असतो आणि वरच्या भागात रंगविलेली पट्टी, देवाची तसबीर, हार व गोंडे असतात. वायपर पोचत नाही तेथे कॅमेरा लावला तर पहिल्या पावसातच तो आंधळा होतो. काचेवर बाहेरून पाणी मारावे, वायपर चालवावा आणि स्वच्छ झालेल्या भागाची कड आतून खडूने आखून घ्यावी. त्या भागात, काचेच्या मध्याजवळ, चालकाच्या दृष्टीच्या आड न येणारी जागा निवडावी. गोंडे कॅमेऱ्यासमोर डुलणार नाहीत असे पाहावे. तसबीर काढण्याची गरज नाही, थोडी बाजूला सरकवली की पुरते.

रबरी चूषकाची पकड उन्हाळ्यात सुटते, म्हणून चिकटपट्टीचाच आधार वापरावा. काच स्पिरिटने पुसून कोरडी करावी. थंड पहाटे किंवा पावसात हे काम करू नये. आधार अर्धा मिनिट दाबून धरावा आणि एक दिवस तसाच रिकामा ठेवून नंतर कॅमेरा अडकवावा. वायर छताच्या अस्तरात आणि दाराच्या रबरामागून फ्यूजपेटीपर्यंत न्यावी. खांबात एअरबॅग असल्यास वायर तिच्या मागून न्यावी, पुढून कधीही नेऊ नये. भिंग असे वळवावे की क्षितिज चित्राच्या मध्यावर येईल. आकाश जास्त आले तर रस्ता काळा दिसतो.

अपघात घडल्यास

प्रथम जखमीकडे पाहावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे हे चालकाचे कर्तव्य आहे. जमावाच्या संतापामुळे ते शक्य नसेल तर त्याची दखल कायद्यानेच घेतली आहे, अशा वेळी लगेच पोलिसांना कळवावे. त्यानंतर कॅमेऱ्याचे कुलूपाचे बटण दाबावे, कॅमेरा बंद करावा आणि कार्ड काढून घ्यावे. गाडी तशीच चालू ठेवली तर नवे चित्रण जुन्यावर लिहिले जाते.

हे चित्रण व्हॉट्सअॅपवर पाठवून त्यालाच पुरावा समजू नये. तेथे फाईल दाबली जाते आणि मूळ स्वरूप राहत नाही. एक प्रत संगणकावर घ्यावी, मूळ कार्ड पाकिटात घालून ठेवावे व पोलिसांकडे देताना पंचनाम्यात त्याची नोंद किंवा पोच घ्यावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे चित्रणाच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र जोडावे लागते. त्याचा एक भाग पुरावा देणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो आणि त्यात फाईलचे 'हॅश' मूल्य लिहायचे असते. पूर्वीच्या कायद्यातील कलम ६५-ब खालीही अशा प्रमाणपत्राची गरज होती. जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ते आवश्यक ठरविले होते. हे काम वकिलाच्या सल्ल्याने करावे. मात्र मूळ कार्ड जपून ठेवणे आपल्याच हाती आहे.

चित्रणात आपल्या चालकाची चूक दिसली तर? हा प्रश्न काकांनीही मला विचारला होता. ती दिसणारच. पुरावा पुसण्याचा विचारही करू नये, तो स्वतंत्र गुन्हा होतो.

देखभाल फार नाही. आठवड्यातून एकदा भिंग व त्यासमोरची काच मऊ कापडाने पुसावी, विशेषतः ऊस व कापसाच्या हंगामात. महिन्यातून एकदा हवे असलेले चित्रण काढून घेऊन कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे. काकांकडे हे काम अमावास्येला होते. त्या दिवशी गाडी धुऊन लिंबू-मिरची बदलायची असतेच, तेव्हा विसर पडत नाही.