समुद्र लांब, तरी बंदर! वरंधा घाटाखालचं महाड नीट बघून या

भोर : महाड म्हटलं की रायगड आणि चवदार तळं एवढंच डोळ्यापुढे येतं. पण हे गाव मुळात बंदर. समुद्र खाली बाणकोटला, म्हणजे चाळीसेक किलोमीटर लांब. मग इथं गलबतं यायची कशी?

भरतीच्या पाण्यावर. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री महाडपाशी सपाटीला लागते. भरतीचं पाणी खाडीतून वर चढत थेट इथवर येतं. मोठी गलबतं दासगावला थांबायची, लहान होड्या भरती धरून महाडला यायच्या आणि ओहोटीबरोबर माघारी. पुढे माल बैलांच्या पाठीवर घाट चढायचा. मीठ, सुकट, नारळ देशावर यायचं. गूळ, कांदा, धान्य कोकणात उतरायचं.

हा व्यापार किती जुना, ते गावाबाहेर तीनेक किलोमीटरवर दिसतं. मुंबई-गोवा महामार्गाला लागूनच गांधारपाले लेणी आहेत. सुमारे 30 बौद्ध लेणी, पाण्याची टाकी आणि ब्राह्मी शिलालेख. एका लेखात राजकुमार कानभोअ विण्हुपालित याने दिलेल्या दानाची नोंद आहे. पायऱ्या चढून वर उभं राहिलं की खाली नदीचं वळण दिसतं. जागा अशी का निवडली, ते मग सांगावं लागत नाही.

पुण्याचाही या बंदराशी संबंध आहे. 1802 मध्ये होळकरांनी हडपसरला हरवल्यावर दुसरा बाजीराव पुणे सोडून महाडला आला आणि पुढे समुद्रमार्गे वसईला गेला.

20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेला ते मुंबईहून पद्मावती बोटीने निघाले, दासगाव बंदरावर उतरले आणि तिथून सगळे चालत महाडला आले, हे फार जण सांगत नाहीत. तळं बघणाऱ्याने दासगावचा धक्काही बघावा.

आता बोटींचा तो व्यापार राहिला नाही, भरती मात्र रोजची आहे. ज्या पाण्याने गाव वसवलं, तेच आज गाव बुडवतं. घाटावर मुसळधार पाऊस आणि त्याच वेळी खाडीत भरती असली, की सावित्री, गांधारी, काळ या नद्यांचं पाणी उतरायला जागाच राहत नाही. त्यात पात्रात गाळ साचलेला. 22 जुलै 2021 ला बाजारपेठ पाण्याखाली गेली. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली. नंतर नदीतला गाळ काढायचं काम हाती घेतलं गेलं. दासगावजवळचा रेल्वेचा भराव पाणी अडवतो, ही महाडकरांची तक्रारही जुनीच आहे. नदी भरतेय म्हटल्यावर दुकानदार माल माळ्यावर चढवायला लागतात. पावसाळ्यात फिरायला जाणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवलेलं बरं.

भोरहून नीरा देवघर धरणाच्या कडेने वरंधा घाट उतरला की महाड. वाटेत शिवथरघळीला फाटा फुटतो. पावसाळ्यात घाट बरेचदा बंद ठेवतात, म्हणून निघण्याआधी चौकशी करा. बंद असला तर मुळशीकडून ताम्हिणी घाट, माणगावमार्गे जाता येतं. हिवाळ्यात गेलात तर सवला गरम पाण्याचे झरे आहेत, तेही बघा. आणि दासगावला भरतीची वेळ विचारून जा. ओहोटीला गेलात तर नुसता चिखल दिसेल, इथं कधी बंदर होतं हे पटणार नाही.